‘हार्टफेल’ एका रात्रीत होत नाही

कर्जत-खालापूर भागातल्या कोणत्याही वस्तीत मयताला जा, एक शब्द हमखास कानावर पडतो. काय झाले होते? हार्टफेल. रात्री जेवून झोपला तो पहाटे उठलाच नाही, हार्टफेल. दुसऱ्या पाळीला गेला होता, मशीनजवळच मान टाकली, हार्टफेल. खोपोलीहून पनवेलला नेता नेता वाटेतच गेला, हार्टफेल. मग अंगणात बसलेली मंडळी एकमेकांना सांगतात की माणूस कसा धडधाकट होता, दवाखान्याची पायरी कधी चढला नाही, आजार म्हणून नव्हताच. फक्त थोडं बीपी होतं.

हे जे शेवटचे चार शब्द आहेत त्यांच्याबद्दल आज आम्हांला लिहावयाचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हेत. नोकरी कारकुनाची, शिक्षण बी.कॉम. सुटीच्या दिवशी समाजमंदिरात नाहीतर विहारात रक्तदाब आणि मधुमेह तपासणीची शिबिरे भरतात, तेथे डॉक्टरांच्या शेजारी बसून नाव, वय आणि आकडा वहीत उतरवून घेण्याचे काम आमच्याकडे असते. ज्याच्या नावापुढे १७० किंवा १८० पडतात तो माणूस बहुधा हसतच उठतो. ‘मला तर काहीच होत नाही,’ म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला खरोखरच काही होत नसते. घोटाळा नेमका तेथेच आहे. तो समजून घ्यायचा तर, हृदय हा एक स्नायू आहे, येथून सुरुवात केली पाहिजे.

घाटातले इंजिन

आपली मूठ जेवढी, साधारण तेवढेच आपले हृदय. वजन पाव किलोपासून साडेतीनशे ग्रॅमपर्यंत. मिनिटाला ७० ते ७२ ठोके धरले तर दिवसाचा हिशेब एक लाखाच्या वर जातो. बसल्या जागी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ते ढकलते. त्याच्या चार कप्प्यांपैकी डावीकडच्या खालच्या कप्प्याकडे सर्वांत कष्टाचे काम आहे. आमच्या वेळच्या पुस्तकात त्याला डावी जवनिका म्हणत. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायचे ते याच कप्प्याने. म्हणून त्याची भिंत उजवीकडच्या भिंतीपेक्षा मुळातच जाड असते, निरोगी माणसात साधारण एक सेंटिमीटर.

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आवळते तेव्हा रक्तवाहिन्यांत जो दाब तयार होतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडते तेव्हा जो दाब उरतो तो खालचा. १२०/८० च्या आसपास असले तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्यापेक्षा जास्त भरू लागले की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. आता डावा कप्पा रक्त बाहेर टाकतो तेव्हा त्याला समोरच्या दाबावर मात करूनच ते टाकावे लागते. समोर १२० असेल तर १२० इतका जोर, १८० असेल तर १८० इतका.

कर्जतकरांना हे समजावून द्यायला लांब जायला नको. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून जादा इंजिने लागतात. त्यांना आपण बँकर म्हणतो. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे, पुढचे एकटे इंजिन तो ओढू शकत नाही. (गाडी वडापाव घेण्याइतकी थांबते ती या बँकरच्या कृपेने, हे आपण विसरतो.) घाट संपला की बँकर सुटतात आणि पुढे सपाटी लागते.

हृदयाला बँकर नाही आणि बीपीवाल्याच्या हृदयाला सपाटीही नाही. ज्याचा दाब वर्षानुवर्षे १७० आहे त्याचा दिवसातला प्रत्येक ठोका घाटातला. जादा इंजिन मिळत नाही म्हणून मग स्नायूच स्वतःला वाढवून घेतो. तालमीत जोर काढणाऱ्याचे दंड भरतात तशी त्या कप्प्याची भिंत जाड होते. ऐकायला बरे वाटते. परंतु पैलवान तास-दोन तास मेहनत करतो आणि मग आराम करतो. येथे आराम नाही. शिवाय स्नायूच्या पेशी फुगल्या तरी त्यांना रक्त पोचवणाऱ्या बारीक नलिका त्या प्रमाणात वाढत नाहीत. पेशींच्या मधल्या जागेत जखमेच्या वणासारखे चिवट धागे भरत जातात. स्नायू जाड होतो आणि त्याबरोबर कडकही होतो.

खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र १९१५ पासून आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी लोखंडी नळांतून तेथे उतरते. अशा नळांत जेथे पाण्याचा दाब जास्त तेथे पत्रा जाड ठेवतात, आणि नळाला तेवढे पुरते, कारण त्याला फक्त दाब सोसायचा असतो. हृदयाला सोसायचेही असते आणि दर ठोक्यानंतर सैल पडून पुन्हा भरायचेही असते. कडक झालेला कप्पा आवळतो ठीक, पण सैल पडत नाही. तो पुरता भरत नाही. मग मागून येणारे रक्त तुंबते, आधी वरच्या कप्प्यात आणि नंतर फुप्फुसांत. वरचा कप्पा ताणून मोठा झाला की ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. लोक म्हणतात, त्याला बीपीमुळे लकवा मारला. त्यातल्या काही लकव्यांचा रस्ता असा हृदयातून गेलेला असतो.

यापुढची पायरी म्हणजे स्नायू थकणे. वर्षानुवर्षे जाड राहिलेली भिंत काही जणांत पुढे ताणली जाऊन पातळ आणि ढिली होते, कप्पा फुग्यासारखा मोठा होतो आणि ढकलण्याचा जोरच जातो. टू-डी एकोच्या कागदावर ‘ई.एफ.’ म्हणून एक टक्का लिहिलेला असतो. भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडले, याचा तो हिशेब आहे. निरोगी हृदयात तो साधारण ५५ च्या वर असतो. तो ४० च्या खाली उतरला की डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कडक हृदयात हा टक्का चांगला असूनही माणसाला दम लागतो. तेव्हा ‘ई.एफ. साठ आहे, मग काही नाही’ असे घरच्यांनीच ठरवू नये.

डॉक्टर ज्याला हृदय निकामी होणे म्हणतात तो हा आजार आहे. त्यात माणूस महिनोन्महिने, वर्षानुवर्षे जगतो, औषधाने सुधारतोही. आपण ज्याला हार्टफेल म्हणतो ते अचानकचे मरण पुष्कळदा हृदयविकाराच्या झटक्याने किंवा ठोक्यांची लय एकाएकी कोलमडल्याने येते. पण या दोन्हींची जमीन बीपीने आधीच नांगरून ठेवलेली असते. जाड, वण पडलेल्या स्नायूत लय लवकर बिघडते आणि दाबाने खराब झालेल्या रक्तवाहिन्यांत अडथळाही लवकर बसतो.

अध्यक्षांची गोष्ट

हे अडाणी माणसालाच कळत नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे अध्यक्ष असलेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९४४ च्या मार्चमध्ये थकलेले, खोकणारे आणि धापा टाकणारे झाले होते. त्यांना बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात नेले. तेथील तरुण हृदयतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासले तेव्हा दाब १८६/१०८, हृदय वाढलेले आणि त्याची डावी बाजू थकत चाललेली. दाब तर कित्येक वर्षे चढत होता. परंतु वयाप्रमाणे दाब चढायचाच, शरीराला त्याची गरजच असते, असे त्या काळी भलेभले डॉक्टरही मानीत. ब्रुएन यांच्या हाती फार काही नव्हते. डिजिटालिस, मीठ कमी आणि विश्रांती, एवढेच. त्याच अवस्थेत रूझवेल्ट १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाच्या परिषदेला गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखू लागले, दाब ३००/१९० भरला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे निधन झाले. वय ६३.

जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जी गोळी मिळू शकली नाही ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आणि आपण ती पंधरा दिवस घेऊन सोडून देतो.

पुढे १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. त्या नोंदींवरून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांचे हृदय निकामी झाले त्यांपैकी ९१ टक्के लोकांना त्याआधी उच्च रक्तदाब होता. आमच्यासारख्या आकडे लिहिणाऱ्याला हा एक आकडा पुरेसा वाटतो.

गोळीच्या गोष्टीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडच्या वैद्यकात फार जुनी. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिचा रक्तदाबावर होणारा परिणाम १९३१ साली लिहून ठेवला होता. परंतु परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात आपल्या रुग्णांचे अनुभव छापले, तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ रुग्णांचे दोन गट करून पाहिले. एका गटाला तीन औषधे दिली, त्यांत हे रेसर्पिनही होते. दुसऱ्या गटाला नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. औषध घेणाऱ्यांत दोनच गंभीर प्रसंग घडले, दिखाऊ गोळीवाल्यांत सत्तावीस. बीपीवर औषध देऊन माणूस वाचतो, याविषयीचा वाद तेथे बहुतेक मिटला. रेसर्पिन आता फारसे देत नाहीत, त्याने मन खचते अशी तक्रार होती. त्यामुळे रस्त्यावर जडीबुटी विकणाऱ्याकडून सर्पगंधेची पूड आणून खाऊ नये. आताची औषधे सौम्य आहेत.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी की दाब आटोक्यात राहिला तर जाड झालेला स्नायू पुष्कळ जणांत काही महिने-वर्षांत पुन्हा थोडा उतरतो. हे एकोवर मोजता येते. झालेले सगळे नुकसान भरून येत नाही, विशेषतः वण. म्हणून जितक्या लवकर सुरुवात होईल तितके बरे.

कागदावरचा मोठा शब्द

दवाखान्याच्या कागदावर ‘कार्डिओमायोपॅथी’ असा शब्द आला की घरात रडारड होते. त्याचा अर्थ हृदयाच्या स्नायूचा आजार, एवढाच. मात्र डॉक्टर हा शब्द जपून वापरतात. ज्या स्नायूच्या बिघाडाला बीपी, तुंबलेली रक्तवाहिनी किंवा खराब झडप असे दुसरे पुरेसे कारण सापडत नाही, त्यालाच काटेकोर अर्थाने कार्डिओमायोपॅथी म्हणावे, असा त्यांचा रिवाज आहे. बीपीने जाड झालेल्या हृदयाला ते बहुधा बीपीचा हृदयरोग म्हणतात. फरक शब्दांचा वाटतो, पण तो व्यवहाराचा आहे. एकोत भिंत जाड दिसली की डॉक्टरांना ठरवायचे असते, ही बीपीने झाली की जन्मतःच रक्तातून आली. सुमारे पाचशे माणसांत एकाच्या हृदयाची भिंत बीपी नसतानाही आनुवंशिक कारणाने जाड होते. तशातच २००९ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला एक तुकडाच गळालेला असतो आणि अशा लोकांत वय वाढेल तसा स्नायूचा आजार होण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून डॉक्टर विचारतात: बीपी किती वर्षांपासून आहे, घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेले का, खेळताना किंवा धावताना कोणी बेशुद्ध पडले का. या प्रश्नांची उत्तरे लाजून किंवा घाबरून लपवू नयेत. जुने केसपेपर फेकून देऊ नयेत. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या गादीबरोबर त्याचे कागदही जातात. ते मुलांच्या उपयोगाचे असतात.

याच कारणासाठी शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. आनुवंशिक जाडपणात कधी कधी रक्त बाहेर पडण्याच्या वाटेतच स्नायू आडवा येतो, आणि तेव्हा बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी त्रास उलट वाढतो. ‘मला ही लागू पडली, तूही घे’ हे आपल्या वस्त्यांतले प्रेम येथे उपयोगाचे नाही.

चूल, बाटली आणि मेडिकलचे दुकान

गरिबाच्या ताटात मीठ जास्त असते, कारण मीठ ही सर्वांत स्वस्त चव आहे. भाजी नसली की भाताबरोबर सुकट, खारे बोंबील, वाकट्या, लोणचे नाहीतर पापड. आपण समुद्रापासून लांब राहणारे लोक, ताजी मासळी रोज कुठली परवडणार? पावसाळ्याच्या तोंडावर भरून ठेवलेल्या सुक्या मासळीवर आपली कित्येक घरे चार महिने काढतात. आम्ही ती सोडा म्हणणार नाही, प्रथिने तिच्यातूनच मिळतात. पण ती पाण्यात बराच वेळ भिजवून, ते पाणी ओतून देऊन, पुन्हा धुऊन शिजवली तर खार बराच निघतो. आणि त्या कालवणात मग वेगळे मीठ घालू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, वडापाव सगळे आले. सैंधवाने बीपी वाढत नाही हा गैरसमज आहे, तेही मीठच आहे. भट्टीजवळ किंवा उन्हात घाम गाळणाऱ्याने किती कमी करावे हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दारूबद्दल लिहिले की काही बंधू पान उलटतात. तरी लिहितो. दारूने बीपी वाढते हे एक. दुसरे असे की रोज भरपूर पिणाऱ्याच्या हृदयाचा स्नायू बीपी नसतानाही थेट दारूनेच ढिला पडू शकतो. वेळेवर सोडली तर काहींचे हृदय पुन्हा बऱ्यापैकी सुधारते, एवढी आशा त्यात आहे. तंबाखू, गुटखा आणि आयाबायांची मिश्री यांचेही तेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हमाली, बांधकाम, लावणी करणारे लोक रात्री अंग दुखते म्हणून मेडिकलमधून सुजेवरची आणि दुखण्यावरची गोळी सुटी घेतात. यांतल्या बऱ्याच गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, मूत्रपिंडावर भार टाकतात आणि ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे त्याला दवाखान्यात पोचवतात. बीपीवाल्याने अशी गोळी मागताना ‘मला बीपी आहे’ हे तीन शब्द आधी बोलावेत.

आमच्या माहितीतले एक गृहस्थ कारखान्यात होते. शिबिरात दाब १८० च्या पुढे निघाला, गोळी सुरू झाली, महिन्याभरात १३० वर आला. आता बरे झालो म्हणून त्यांनी ती बंद केली. गुडघ्यासाठी मात्र दुखण्याची गोळी रोज चालू होती. तीन-साडेतीन वर्षांनी त्यांना झोपायला तीन उशा लागू लागल्या. रात्री दोनला धाप लागून उठून बसत आणि घरचे गॅस झाला म्हणून ओवा देत. पायावर चपलेच्या पट्ट्याचा ठसा उमटू लागला तेव्हा मुलीने हट्टाने एको काढायला नेले. ते आज हयात आहेत, चार गोळ्या वेळेवर घेतात, रोज सकाळी वजन करतात. पण पाळीचे काम गेले ते गेलेच, आणि मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण त्या वर्षी थांबले.

तेव्हा ही लक्षणे प्रत्येक घरात माहीत असावीत: पूर्वी न लागणारा दम आता स्टेशनचा पूल चढताना लागणे, सपाट झोपता न येणे, रात्री दम लागून जाग येणे, आडवे झाल्यावर खोकला येणे, संध्याकाळी पावले सुजणे, दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वजन वाढणे. यांपैकी काही दिसले तर वयाला दोष देत बसू नये. ई.सी.जी. आणि टू-डी एको करून घ्यावे.

भगिनींसाठी

बीपी हा पुरुषांचा आजार, असे आपल्या घरांत अजून समजतात. बाईला चक्कर आली तर अशक्तपणा, दम लागला तर ‘टेन्शन’. गरोदरपणात दाब चढला आणि बाळंतपणानंतर उतरला की ती गोष्ट विसरली जाते. विसरू नये. ज्या स्त्रीला गरोदरपणात बीपी झाले तिला पुढील आयुष्यात बीपीचा आणि हृदयविकाराचा धोका इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतो. वर्षातून एकदा तरी तिचा दाब पाहिलाच पाहिजे. आणखी एक आजार आहे, गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू एकाएकी कमजोर पडण्याचा. तो विरळा आहे, पण गरोदरपणात बीपी चढलेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त दिसते. बाळंतिणीला धाप लागते, पाय सुजतात, झोपता येत नाही. आणि सासू म्हणते, बाळंतपणात असे व्हायचेच. असे होत नसते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. ज्या भगिनी बीपीची गोळी घेत आहेत त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात.

मोजायचे कुठे आणि कसे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तिघांत एकाहून जास्त. आपल्या चाळीत, आपल्या आळीत घरे मोजून पाहा. २०१७ पासून सरकारने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो खास कार्यक्रम हाती घेतला त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. तेथील पद्धत साधी होती: ठरलेली गोळी, ठरलेला डोस, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि जो आला नाही त्याची चौकशी. ही शेवटची गोष्ट, न येणाऱ्याची चौकशी, आपली मंडळे आणि महिला मंडळेही करू शकतात. त्याला पैसे लागत नाहीत.

तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाचा दाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत पाहतात. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो त्यांनी तो हक्काने वापरावा. हृदयाचे मोठे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार कार्डावरची नावे जुळतात का ते आजार येण्याआधीच पाहून ठेवावे. हे कारकुनाचे सांगणे आहे, ऐन वेळी एका वेलांटीवरून किती धावपळ होते ते आम्ही पाहिले आहे.

मोजताना घाई नको. धावत लोकल पकडून, पूल चढून थेट टेबलाशी बसलेल्या माणसाचा आकडा चढलेलाच येतो. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसावे. हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवावा, पट्टा बाहीवरून बांधू नये. दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

गोळीने पाय सुजतात, खोकला येतो, चक्कर येते अशा तक्रारी असतात आणि त्या खऱ्या असतात. अमलोडिपिनने काहींची पावले सुजतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता बदलून मागावी. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या आहेत. गोळीची सवय लागते म्हणून ती घेत नाही, असे म्हणणारे बंधू आम्हांला दर शिबिरात भेटतात. सवय लागत नाही. गोळी आहे तोवर दाब खाली राहतो, बंद केली की तो काही दिवसांत आपल्या जुन्या जागी जातो आणि हृदयाचा घाट पुन्हा सुरू होतो, एवढेच आहे.

छातीत दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, एकाएकी दम, तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, यांपैकी काही झाले तर उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणि रोजच्या गोळ्यांचे सांगायचे तर पट्टीत पाच उरल्या की दुसरी आणावी. शेवटची गोळी घेऊन मग जाऊ म्हटले की मध्ये हमखास रविवार येतो.